सापडलेली वस्तू

माझ्या टेबलाच्या खणात एक दगड आहे. बटाट्याएवढा, तपकिरी, अंगावर वळ्या पडलेला. शाळेत असताना चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शिवारातून मी तो उचलला आणि पुढे कित्येक वर्षे कागद उडू नयेत म्हणून वापरला. तो डायनोसॉरच्या विष्ठेचा जीवाश्म असल्याचे कळले तेव्हा घरात हशा पिकला. अम्मीने तो टेबलावरून हटवायला लावला. मी खणात टाकला. हा दगड माझा आहे का, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही. तो पाडला माझ्या दहा वर्षांच्या मुलाने.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सारे गुजरातेत रैयोलीला गेलो होतो. हे गाव बालासिनोरजवळ आहे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना इथे डायनोसॉरची हाडे आणि अंडी सापडली. इथल्याच हाडांवरून 2003 साली ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ या मांसाहारी प्राण्याला नाव मिळाले. बालासिनोर हे बाबी नवाबांचे संस्थान. राज्य गेले, पण त्या घराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी या दगडांच्या रक्षणाचे काम अंगावर घेतले. गावातल्या एका म्हातारीच्या घरी मसाला वाटायचा एक गोल दगड त्यांना दिसला. ते डायनोसॉरचे अंडे निघाले. 2019 साली इथे संग्रहालयही झाले.

आमच्याबरोबर गावातलाच एक तरुण वाटाड्या होता. तो खडकावर बाटलीतले पाणी ओतायचा आणि कोरड्या दगडातून अंड्याची गोल कड हळूहळू उमटून यायची. पोरे ‘अजून, अजून’ म्हणून ओरडत. परतीच्या वाटेवर त्याने माझ्या मुलाकडे पाहिले आणि हसत विचारले, ‘‘खिशात काय आहे, भाई?’’ नखाएवढे कवच निघाले. मुलगा रडवेला झाला. मी मध्ये पडलो. म्हणालो, ‘‘अहो, एवढासा तुकडा! इथे हजारो पडलेत.’’

तो रागावला नाही. त्याने एक हकीकत सांगितली. गुजरातमधल्याच ढोली डुंगरी इथे धनंजय मोहबे या भूवैज्ञानिकांना अंड्यांबरोबर काही हाडे मिळाली. ती अंड्यातून निघालेल्या पिल्लाची आहेत, असे त्यांना वाटले. 2001 साली अमेरिकेच्या जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला. त्यातले काही मणके सापाचे होते! सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप घरट्यात फुटलेल्या अंड्याला वेटोळे घालून बसलेला आणि शेजारी अर्ध्या मीटरचे पिल्लू. त्याच अवस्थेत सारे गाळाखाली गाडले गेले. 2010 साली हा शोध प्रसिद्ध झाला. पहिला समज बदलला, कारण तो दुरुस्त करायला पुरावा जागच्या जागी होता. कोणी चार मणके खिशात घालून नेले असते तर?

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

परतताना गाडीत मला मदरशातला एक धडा आठवला. सापडलेल्या वस्तूला फिकहमध्ये ‘लुक्ता’ म्हणतात. ज्याला ती सापडली तो मालक होत नाही, अमानतदार होतो. पैशाची थैली सापडली तर थैली कशी होती, दोरी कोणती होती, या खुणा त्याने ध्यानात ठेवायच्या आणि वर्षभर जाहीर करायचे. लहानपणी मला वाटे, पैसे महत्त्वाचे; थैली आणि दोरी कशाला? आता उमगते की मालकाची ओळख पटते ती खुणांवरूनच. दगडाचेही तसेच. तो कुठे होता, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, ही त्याची थैली आणि दोरी. ती तुटली की उरतो तो मुका दगड.

कोणी म्हणेल, किरकोळ वस्तूला फिकहमध्येही सवलत आहे. वाटेत पडलेल्या खजुराचा गावभर पुकारा कोणी करत नाही. खरे आहे. पण किरकोळ काय, हे ठरवायला आधी ती वस्तू काय आहे हे कळावे लागते. त्या म्हातारीला ठाऊक नव्हते, म्हणून तिच्यावर गुन्हा नाही. ज्याला कळले त्याची सवलत संपली. इल्म माणसाला मोठा करत असेल. त्याआधी तो त्याला जबाबदार करतो. आणि साडेसहा कोटी वर्षांच्या वस्तूचे हकदार आपल्यानंतर जन्माला येणारेही आहेत. त्यांच्या वतीने बोलायला आज कोणी हजर नाही, म्हणूनच अमानत.

रैयोलीत माझा मुलगा मागे धावत गेला होता. ‘‘इथेच होता, या दोन दगडांच्या मध्ये,’’ म्हणत त्याने तुकडा जागेवर ठेवला. त्याला जागा आठवत होती.

घरी आल्यावर मी खण उघडला. 2005 साली पिसदुऱ्याच्या अशाच विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले आणि डायनोसॉरच्या काळातही गवत होते, हे सिद्ध झाले. माझ्या दगडात काय आहे, कोण जाणे. मी चिठ्ठी लिहायला घेतली. जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात दगड देताना सोबत द्यायची म्हणून. गाव लिहिले, साल लिहिले. शेत कोणते, बांध कोणता, शेजारी काय होते, काहीच आठवेना. मुलगा शेजारी उभा राहून वाचत होता.

‘‘अब्बा, जागा?’’ त्याने विचारले.

ती ओळ मी कोरीच ठेवली आहे.