विजयाचा अधिकार

१५१३ च्या स्पॅनिश फर्मानाचे वाचन अमेरिकेतील मूलनिवासींसमोर त्यांना अगम्य भाषेत होई, आणि ते न मानल्यास घडणाऱ्या संहाराचे पातक त्यांच्याच माथी ठेवले जाई. पुढे १५५० मध्ये स्पेनमधील वायादोलिदला मूलनिवासींचे कैवारी धर्मगुरू लास कासास व विजयाचे समर्थक विद्वान सेपुल्वेदा यांनी मूलनिवासींवरील युद्धाच्या धर्म्यतेवर वाद घातला, तेव्हाही मूलनिवासींना तेथे आसन नव्हते. असेच आपल्याकडेही घडले: आज नांदेडात असलेला किनवट १९५६ पर्यंत ज्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता, तेथे गोंडांच्या पिढीजात रानावर निजाम सरकारने राखीव जंगलाचा शिक्का मारला, आणि १९४० मध्ये जोडेघाटात गोंडांच्या बंडाचा नेता कुमराम भीम गोळ्यांनी पडला. तेथे धर्माज्ञेऐवजी सरकारी दप्तर होते, हा भेद मला फारसा मोठा वाटत नाही. संमती न घेता लादलेल्या आज्ञेच्या भंगाला दोष म्हणणे, ती ईश्वराच्या नावाने असो वा सरकारच्या, अन्यायच होय. गोंडांच्या त्या बंडानंतर मात्र मानववंशशास्त्रज्ञ हाइमेनडॉर्फ यांच्या शिफारशींवरून निजाम सरकारने गोंडांना जमिनीचे पट्टे दिले.