अवघड आणि बंद

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि सत्कारसमारंभ आटोपले. त्यानंतरच्या परिसंवादांत एक सल्ला मात्र हटकून ऐकू येतो. जुनी भाषा टिकवायची तर ती सोपी करा म्हणे. ‘गाथासप्तशती’ निवडक आणि गद्यात द्या, ‘लीळाचरित्र’ गोष्टीरूपाने सांगा, संस्कृतचे व्याकरण जमेल तेवढे गाळा. हे ऐकले की मला रेजिनाल्ड फॉस्टर आठवतात.

मिलवॉकीतल्या प्लंबरच्या घरात १९३९ साली जन्मलेले हे कार्मेलाइट साधू १९६९ पासून चाळीस वर्षे व्हॅटिकनमध्ये पोपची लॅटिन पत्रे लिहीत होते; शिवाय रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात लॅटिन शिकवत होते. झगा सोडून ते कामगाराचे निळे कपडे घालत. वर्गात ओरडत, तयारी न करता आलेल्याला हाकलून देत, आणि तरीही विद्यार्थी त्यांच्यावर जीव टाकत. २०२० च्या नाताळच्या दिवशी ते गेले, तेव्हा मृत्युलेखांतून त्यांच्या कपड्यांचीही चर्चा झाली. आपल्याकडेही विक्षिप्त प्राध्यापकांचे किस्से चवीने सांगितले जातात. किस्सा सांगून झाला की त्या माणसाकडून काही शिकण्याची जबाबदारी संपते.

किस्से बाजूला ठेवून त्यांचा वर्ग पाहावा. पहिल्याच दिवशी नवख्यांच्या हातात मूळ लॅटिन लेखकांचे उतारे पडत. सिसेरो असे, ऑगस्टीन असे. धड्यासाठी बेतलेली बाळबोध वाक्ये त्यांना खपत नसत. रूपावल्यांचे तक्ते घोकून घेणेही त्यांना नामंजूर होते. गृहपाठाच्या गच्च भरलेल्या कागदांना ते ‘घरचे खेळ’ म्हणत. दिलेला उतारा समजला एवढ्याने त्यात भागत नसे. त्यातले एकवचन अनेकवचनात न्या, काळ बदला, म्हणजे शब्दाचा कोणता भाग काय काम करतो ते हाताला कळते. १९८५ पासून ते उन्हाळ्यात आठ आठवड्यांचा वर्ग घेत. फी नव्हती, शिकायची तयारी एवढीच अट. विद्यापीठातही फी न भरलेल्यांना ते बसू देत. त्यापायी २००६ मध्ये विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. त्यांनी वर्ग दुसरीकडे चालू ठेवला.

मला यातून एकच भेद दिसतो, आणि या सगळ्या चर्चेत तोच हरवला आहे. एखादी गोष्ट अवघड असणे वेगळे आणि ती बंद असणे वेगळे. फॉस्टरनी लॅटिन रतिभरही सोपे केले नाही. त्यांनी ते उघडे केले.

सोपेपणाचे कैवारी इथे ज्ञानेश्वरांना साक्षीला बोलावतात. त्यांनीही गीता सोपीच केली ना, असा त्यांचा बिनतोड समजला जाणारा सवाल असतो. तो बिनतोड नाही. सातशे श्लोकांवर नऊ हजार ओव्या लिहिणाऱ्याने विषय पातळ केला असे कोण म्हणेल? सहावा अध्याय उघडून बसावे आणि मग तो सोपा असल्याचे सांगावे. संस्कृतचे दार कुणाकुणाला बंद होते, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांनी ते दार मराठीतून उघडले. आतले काही कमी केले नाही.

आणि सोपे करण्याचा प्रयोग आपण करून पाहिलेलाच आहे. दहावीला संस्कृत घेणारी कितीतरी मुले ‘स्कोरिंग’ म्हणून घेतात. शंभरापैकी शंभर मिळवतात आणि जूनमध्ये पुस्तक रद्दीत जाते. सगळ्यांचे असे होत नसेल. जीव ओतून शिकवणारे शिक्षक मीही पाहिले आहेत. पण पैकीच्या पैकी मिळवलेल्या किती मुलांना न शिकवलेले अर्धे पान उलगडता येते? नवशिक्याला पायऱ्या हव्यात, हेही मान्य. फॉस्टरसुद्धा पहिल्या दिवशी सिसेरोचे अख्खे भाषण वाचून घेत नसत. मात्र त्यांच्या पायऱ्या वर जात होत्या. आपण मजलाच खाली आणतो. सोपे करणाऱ्याच्या मनात, तो कबूल करो न करो, समोरच्याच्या बुद्धीविषयी अविश्वास असतो. जुना पंडित ‘तुला अधिकार नाही’ म्हणून परत पाठवी. हा ‘तुला झेपणार नाही’ म्हणून पातळ करून वाढतो. दोघांचाही शिष्य मूळ ग्रंथापासून तितकाच लांब राहतो.

मृत भाषांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. निव्वळ अभिमानासाठी दर्जा मागणाऱ्यांना तो मिळालेला आहे.

उरलेल्यांकडे मागणे एवढेच. दर्जासोबत येणाऱ्या पैशातून स्मारके आणि महोत्सव करण्याआधी गावोगावी महाराष्ट्री प्राकृताचा आणि महानुभाव गद्याचा एकेक वर्ग सुरू करावा. फी नको, पात्रतेची अट नको, वयाची नको. पहिल्या दिवसापासून मूळ पोथी समोर असावी आणि शिक्षकाने कुणालाही सूट देऊ नये.