नकार कुणाचा?

मे महिन्यातली दुपार मनात आणा. नागपूर म्हणा, चंद्रपूर म्हणा. पारा ४५ अंशांच्या वर. सकाळी गाडीचा एसी छान गार हवा देत होता आणि आता तोंडावर नुसता गरम वारा येतोय. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘गॅस’. गॅस संपला असेल, भरून घेऊ. तो शब्द थोडा वेळ बाजूला ठेवू या. तो चुकीचाच असेल असं नाही, पण तो फार लवकर येतो.

एसीतला गॅस जळत नाही, वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळला असणार, आणि हळू गळतीत गारवा सहसा दिवसेंदिवस कमी होत जातो. सकाळी ठणठणीत, दुपारी बंद, रात्री पुन्हा सुरू असं एसी करत असेल, तर आधी वायरी, कपलर आणि कॉइलकडे बघायला हवं.

आता गाडी सावलीत घ्या. इंजिन सुरू राहू दे. ब्लोअर लावा, बॉनेट उघडा आणि कुणाला तरी आत बसवून एसीचं बटण दाबायला सांगा. हात, बाही, ओढणी, सगळं बेल्टपासून लांब. फक्त ऐका. ‘टक्’ असा एक आवाज यायला हवा. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी नीट बघा. बाहेरची पुली बेल्टबरोबर कायमच फिरत असते, मधली प्लेट स्थिर असते. या क्लचच्या कॉइलमध्ये करंट आला की तिचं चुंबक होतं, प्लेट पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. स्थिर प्लेट आणि फिरती पुली यांच्यामधली फट साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते. त्या फटीकडे मिनिटभर बघत राहा. आपल्याला पडलेला प्रश्न एवढ्याशा जागेत आहे. ती मिटत का नाही?

(काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लच नसतो, त्यांची परीक्षा निराळी. हायब्रिड किंवा बॅटरीवरच्या गाडीत नारिंगी वायर दिसली तर तिला हात लावायचा नाही. तिथला व्होल्टेज जीव घेऊ शकतो.)

बटण दाबलं म्हणजे आपण हुकूम दिला असं आपल्याला वाटतं. खरं तर ती विनंती असते. ती कंट्रोल युनिटकडे जाते. युनिट इंजिनाचं तापमान बघतं. इंजिन फार तापलं असेल तर ते कॉम्प्रेसरचा भार घेत नाही. गॅसच्या नळीवर प्रेशर स्विच बसलेला असतो. दाब साधारण २ बारच्या खाली गेला किंवा ३० बारच्या आसपास चढला, की तो मध्येच रस्ता तोडतो. कूलिंग कॉइलवर एक सेन्सर असतो. कॉइल गोठायला आली की तो कळवतो आणि कॉम्प्रेसर कट-ऑफ होतो. सगळ्यांनी होकार दिला की युनिट रिलेला उठवतं, रिले फ्यूजमधून आलेला करंट क्लचच्या कॉइलला देतो आणि तो करंट अर्थमधून बॅटरीकडे परततो.

इतक्या जणांची संमती लागते. म्हणून प्लेट ओढली गेली नाही, तर पहिला प्रश्न ‘काय बिघडलंय’ हा नसावा. कुणी नकार दिला, की करंट द्यायचा होता पण देता आला नाही, हे आधी शोधावं. दोन्हीकडे प्लेट तशीच स्थिर दिसते, पण अर्थ अगदी वेगळा.

समजा प्रेशर स्विचने रस्ता तोडलाय. गॅस खरोखर गळला असेल तर त्याचा नकार योग्य आहे. गॅसबरोबर तेल फिरतं, आणि ते तेलच कॉम्प्रेसरला जगवतं. अशा स्विचला वायरीचा तुकडा लावून ‘डायरेक्ट’ करणं म्हणजे राखण करणाऱ्यालाच गप्प बसवणं. मला हे फार लागतं, कारण हा प्रकार रस्त्यावर सर्रास होतो आणि चार दिवस एसी चालल्यामुळे त्याला दुरुस्ती म्हटलं जातं. पुढे कॉम्प्रेसर जाम झाल्यावर त्याचा धागा त्या वायरीच्या तुकड्याशी कुणीच जोडत नाही.

कंडेन्सरचा पंखा फिरतोय का, तेही याच वेळी बघून घ्या. तो बंद असेल तर उन्हात उभ्या गाडीत दाब चढत जातो आणि स्विच वरच्या बाजूने नकार देतो. तिथेही दोष स्विचचा नसतो.

मग नकाराचा आणखी एक प्रकार आहे, आणि मन त्याच्यापाशी सर्वांत जास्त रेंगाळतं. कूलिंग कॉइलवरचा सेन्सर गारठा वाढला की आपला रोध वाढवतो. आता त्याची वायर तुटली असं धरा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तुटलेल्या वायरीचा रोध अमर्याद. काही गाड्यांचं युनिट त्याचा अर्थ ‘आत बर्फ झालाय’ असा घेतं आणि कॉम्प्रेसर बंद ठेवतं. बाहेर ४५ अंश, आत भट्टी, आणि युनिटला मात्र हिमालय दिसतोय. ते हट्ट करत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचलेली बातमीच खोटी आहे, आणि त्या बातमीवर त्याने घेतलेला निर्णय बरोबर आहे. युनिट बदलण्याआधी या शक्यतेला तिचा वेळ द्या. स्कॅनर लावता येत असेल तर सेन्सर किती अंश सांगतोय ते वाचा आणि तो आकडा हाताला लागणाऱ्या हवेशी ताडून पाहा.

नकार कुठेच सापडला नाही, तर असमर्थतेकडे वळू. फ्यूज बघा. रिले काढून हॉर्नचा रिले तिथे लावून बघा, मात्र दोन्हींवरचे नंबर आणि पाय सारखे असतील तरच. इथवरचं काम पटकन उरकतं. खरा वेळ लागतो तो मोजताना.

मल्टिमीटर हातात घेण्याआधी बॅटरी बघा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, सुरू असताना १४ च्या जवळपास. मूळ स्रोतच डळमळीत असेल तर पुढची सगळी मापं फसवी ठरतात. जर्मनीत जॉर्ज ओहम प्रयोग करत होता तेव्हा त्याला हीच अडचण आली. त्या काळच्या रासायनिक घटांचा जोर मोजता मोजता उतरायचा. मग त्याने बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानं स्थिर, म्हणून स्रोत स्थिर. त्यानंतरच रोधाचा नियम हाती आला. १८२७ साली त्याचं पुस्तक निघालं.

आता क्लचचा कपलर. पुष्कळदा तो काढून आतल्या पिनला मीटर लावतात, १४ व्होल्ट दिसतात आणि ‘सप्लाय बरोबर आहे, कॉइल गेली’ असा निकाल लागतो. इथे थांबा. विहिरीवरचा जुना दोर रिकामी कळशी सोडताना ठीकच वाटतो. कपलर काढला म्हणजे भार काढला. करंटच वाहत नसेल तर गंजलेल्या सांध्यातही व्होल्टेज पडत नाही. कपलर लावलेला ठेवा, एसी चालू ठेवा आणि मागच्या बाजूने वायरीशेजारून मीटरची बारीक पिन आत सरकवा. मग लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं क्लचच्या प्लसला. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा असेल तर ती वाट निर्दोष. नंतर क्लचच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. इथे पाव व्होल्टही जास्तच.

अर्थच्या वाटेत ३ व्होल्ट पडताना दिसले असं समजा. बोल्ट खोला. त्याखाली हिरवट पूड, गंज, कधी रंगाचा थर. कोकणात खाऱ्या हवेने, घाटावर वॉशिंगच्या पाण्याने. त्या सांध्याचा रोध जेमतेम १ ओहम असेल. क्लचच्या कॉइलचा रोध गार असताना ३.६ ओहम धरा. सांधा स्वच्छ असता तर १४ व्होल्टवर जवळपास ३.९ अँपिअर वाहिले असते. गंजामुळे ३ वाहतात, आणि सकाळी तेवढ्यात भागतं.

दुपारी काय होतं ते पायरीपायरीने बघू. इंजिनाच्या उष्णतेने कॉइल १०० अंशांपर्यंत तापली. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणजे ३.६ चे ४.७ ओहम झाले. त्यात गंजाचा १ ओहम. करंट उतरला अडीच अँपिअरपर्यंत. चुंबकाची ओढ करंटपेक्षाही वेगाने घटते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने प्लेटची फट वाढलेली असेल, तर त्या ओढीने ती पार होत नाही. रात्री कॉइल निवते आणि प्लेट पुन्हा ‘टक्’ करून बसते. सकाळी गॅरेजवाल्याला दाखवायला नेली तर एसी सुरू. गाडी आपल्याला खोटं पाडते असं मालकाला वाटतं. पण सकाळचा एसी आणि दुपारचा एसी या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकाच सांध्यातून निघाल्या आहेत.

अशा गाडीत गॅस काढून नवा भरला, तर त्या कामात तासभर इंजिन गार होतं, एसी चालतो आणि श्रेय गॅसला जातं. पैसे जातात ते वेगळंच. जुना गॅस यंत्रात न घेता हवेत सोडला असेल तर त्याचीही नोंद मनात घ्या. एसीतला आर-१३४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या १००० पटींहून अधिक ऊब धरून ठेवतो. ज्या उन्हाने आपण एसी लावला, त्याच उन्हात ही भर.

तेव्हा बोल्टखालची जागा सँडपेपरने घासून धातू उघडा करा, घट्ट आवळा, थोडं ग्रीस लावा. पुन्हा मोजा. आकडा ०.१ वर आला का? आला तरी काम संपलं असं समजू नका. आज दुपारीच गाडी बाहेर काढा, सगळ्यात कडक उन्हात अर्धा तास चालवा, सिग्नलला इंजिन सुरू ठेवून उभी राहू द्या आणि सगळं तापलेलं असतानाच बॉनेट उघडून तीच दोन मापं परत घ्या. प्लेट तेव्हाही सुटत असेल, तर फीलर गेज घेऊन फटीकडे वळा.