नाशवंत देहाची निगा

वारीत, फडावर, भजनाच्या बैठकीत मला हमखास विचारतात, "देह नाशवंत म्हणता, गळ्यात माळ घालता, आणि कातडीच्या निगेचं एवढं काय सांगत बसता?" मी माळकरी घरातली. नोकरी मात्र केली सरकारी रुग्णालयात, त्वचारोग विभागात, परिचारिका म्हणून. त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही. माझं उत्तर असं, की देह नाशवंत आहे म्हणूनच त्याला जपायचं. जे कायम टिकणार, त्याला कुणी जपावं लागत नाही.

हे मला कुष्ठरुग्णांनी शिकवलं. या रोगात नसा बधिर झाल्या की पायात काटा मोडला तरी कळत नाही, तापल्या भांड्याने बोट भाजलं तरी कळत नाही. घाम येणं थांबतं, कातडी कोरडी पडून तडकते, आणि भेगेची जखम होते. औषधाने रोगजंतू मरतात, पण गेलेली संवेदना बहुतेकदा परत येत नाही. म्हणून आम्ही रोजचा नेम शिकवायचो. साध्या पाण्यात 20 मिनिटं पाय बुडवायचे, जाड झालेली कातडी हलकेच घासायची, पाय ओलसर असतानाच तेल लावायचं आणि तळवा आरशात नीट बघायचा. एक आजोबा हा नेम हरिपाठाइतक्याच निष्ठेने पाळायचे. त्यात रूपाचा मोह कुठे होता? पायाला जे जाणवत नव्हतं, ते डोळ्यांनी पाहायची जबाबदारी त्यांनी घेतली होती.

आणि पंढरीत तरी काय चालतं? गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत उन्हाळाभर विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात. आषाढीच्या गर्दीत देव अहोरात्र उभा राहतो, म्हणून नंतर प्रक्षाळपूजेत लिंबू-साखर चोळून त्याच्या पायांचा शीण घालवतात. लाखो हातांच्या स्पर्शाने ते चरण झिजू लागले, तेव्हा 2020 साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून वज्रलेप करून घेतला. दगड कोणता, त्याला काय सोसतं, याचा आधी अभ्यास झाला. देवाच्या पाषाणासाठी जे आपण करतो, ते त्यानेच दिलेल्या देहासाठी केलं तर भक्ती उणी कशी होईल? संतांनी आसक्ती सोडायला सांगितलं. नरदेहाला त्यांनी भक्तीचं साधनही म्हटलं. साधनाची हेळसांड हे वैराग्य नव्हे.

निगेची पहिली पायरी म्हणजे आपल्याला काय मिळालंय ते खरेपणाने पाहणं. सौम्य साबणाने तोंड धुवा, हलकेच टिपा आणि तासभर काही लावू नका. मग आरशात बघा. चेहरा ताणल्यासारखा वाटला, पापुद्रे दिसले तर त्वचा कोरडी. सगळीकडे तेलकट चमक आली तर तेलकट. कपाळ, नाक, हनुवटी चमकते आणि गाल कोरडे, तर मिश्र. साध्यासाध्या गोष्टीने चुणचुणत असेल, लाल होत असेल तर नाजूक. ऋतू आणि वय बदललं की हेही बदलतं, म्हणून अधूनमधून पुन्हा पाहावं.

कोरड्या त्वचेला कढत पाणी आणि फार साबण सोसत नाही. कोमट पाण्याने अंघोळ करून अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन लावावं. तेलकट चेहरा दिवसातून दोनदा धुतला की पुरे. घासूनघासून पुटकुळ्या जात नाहीत, वाढतात. अशा चेहऱ्याला खोबरेलही नको. नाजूक त्वचेवर नवीन काही लावण्याआधी ते काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावं. आणि चेहऱ्यावर थेट लिंबू कुणीच चोळू नये. पाषाणाचा उपचार पाषाणाला, कातडीचा कातडीला.

माझा खरा जीव तुटतो तो रंगासाठी स्वतःला जाळून घेणाऱ्या मुलींसाठी. लग्न ठरवायचं म्हणून कुणीतरी सुचवलेलं मलम त्या दुकानातून आणतात. त्यात बीटामेथासोन, मोमेटासोन यांसारखं स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो. मग कातडी पातळ होते, लाली उठते, पुटकुळ्या येतात, लव वाढते, आणि मलम थांबवलं की आग होते. 2018 साली सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या यादीत घातली, तरी मुली येतच राहिल्या. सावळेपणा हा रोग नाही. तो कातडीतल्या रंगद्रव्याचा आहे, आणि ते द्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांपासून आपलं रक्षण करतं.

निगा आणि मोह यांतला फरक मला इथे दिसतो. निगा मिळालेल्या देहाला मान्य करते आणि त्याला काय हवं ते विचारते. मोह त्याला नाकारतो आणि दुसऱ्याचा देह मागतो. पहिली वाट धर्माची आहे.

म्हणून आयाबहिणींना माझी विनवणी आहे. लेकीला तिची त्वचा ओळखायला शिकवा, रंगावरून बोलू नका, चिठ्ठीशिवाय मलम घरात आणू नका. आणि अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, आणि वेळेवर घेतलं तर हातपाय शाबूत राहतात.