सारथ्याच्या मुखावरील व्रण

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी येथे पार्थसारथीचे पुरातन मंदिर आहे. पल्लव राजा दंतिवर्मा याचा शिलालेख तेथे आहे, म्हणजे देवालय हजार वर्षांहून जुने. तेथील कृष्णाच्या हाती शंख आहे, चक्र नाही. युद्धात शस्त्र न धरण्याचे वचन दिलेला हा सारथी. उत्सवमूर्तीच्या मुखावर व्रण दिसतात. ते भीष्माच्या बाणांचे, असे भाविक मानतात. वाचकहो, आपली श्रद्धा निराळी आहे. तरीही या व्रणांपाशी आपण क्षणभर थांबावे. रथात सारथी पुढे बसतो, योद्धा मागे. समोरून येणारा बाण आधी सारथ्यास गाठतो.

पौलाने १ करिंथ १२:२८ मध्ये मंडळीचा कारभार पाहण्याच्या कृपादानासाठी जो ग्रीक शब्द योजला आहे, 'कुबेर्नेसिस', तो मुळात नावाड्यांचा आहे: सुकाणू धरणे. 'व्यवस्था', 'कारभार' हे आपले शब्द अर्थाला धरून आहेत खरे, पण भाषांतर करताना समुद्र निघून जातो आणि कचेरी तेवढी उरते. (हे दान पौलाच्या यादीत जवळजवळ शेवटी येते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.)

सुकाणू हाती आलेल्या एका राजाची कथा १ राजे १२ मध्ये आहे. शलमोनाच्या मृत्यूनंतर लोकांनी शखेमात रहबामाकडे जू हलके करण्याची विनंती केली. वृद्धांनी त्याला सुचविले की, आज या लोकांचा सेवक झालास तर ते कायमचे तुझे सेवक होतील. प्रजेचे कष्ट, राजाने करावयाची सेवा आणि प्रजेचे दास्य, या तिन्हींसाठी मूळ इब्रीत एकच धातू आहे. रहबामाने तरुण सोबत्यांचा उद्दाम सल्ला मानला व राज्य दुभंगले, हे आपण शब्बाथ शाळेत शिकलो. पण वृद्धांचा सल्ला तरी निर्मळ होता काय? त्यातील 'आज' मनाला सलतो. सेवा एका दिवसाची, आणि मोबदला जन्मभराचा! मंडळीच्या निवडणुका जवळ आल्या की हा 'आज' आपल्याकडेही उगवतो. एरवी ओळख न देणारे बंधू आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेस येतात.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्या रात्री त्याच्या 'उद्या'मध्ये वधस्तंभ होता. धुतलेल्या पायांत यहूदा इस्कर्योताचेही पाय होते. त्याच्याकडून कोणता मोबदला मिळावयाचा होता?

रहबामाने मात्र बिथरलेल्या लोकांपुढे वेठबिगारीवरील अधिकारी अदोराम याला पाठविले. आपल्या संस्थांतही हिशेबाची विचारणा झाली की एखादा कारकून असाच पुढे केला जातो. लोकांनी अदोरामास धोंडमार करून ठार केले. राजा घाईघाईने आपल्या रथात चढला आणि यरुशलेमेस पळून गेला.