घुण लागलेला पलंग आणि दासोह



२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि वडोदरा शहराच्या कित्येक भागांत पाणी शिरले. त्यानंतर काही महिन्यांनी निजामपुऱ्यातील आमच्या घरी नवा पलंग आला. पाय सागाचे, फळ्या आंब्याच्या, वर चकचकीत पॉलिश. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याखाली मैद्यासारखी भुकटी पडू लागली. झाडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. फळीला बारीक गोल भोके पडली होती. वाळवी मातीचे मार्ग बांधते. येथे मातीचा कणही नव्हता. हा लाकूड पोखरणारा घुण होता.

आता काय करावे? शरणांनी दयेला धर्माचे मूळ मानले. मग त्या फळीतील असंख्य जीव आपल्या हाताने कसे मारायचे? मला एक सोपा मार्ग सुचला. मी म्हणालो, "हा पलंग कामाच्या मावशींना देऊन टाकू. त्यांच्याकडे पलंग नाही. जीवहत्याही टळेल आणि दासोहही घडेल."

सौ. म्हणाली, "अहो, मावशींच्या घराचे छप्पर बांबूवर उभे आहे. घुण तिथे गेला तर?"

मी निरुत्तर झालो. घुणाची मादी लाकडाच्या सूक्ष्म रंध्रांत अंडी घालते. अळी कित्येक महिने आतच राहून लाकडातील पिष्ट खाते. जे भोक आपल्याला दिसते ते किडा आत शिरल्याचे नसते, बाहेर पडल्याचे असते. सागाच्या पक्क्या गाभ्याला तो सहसा लागत नाही. आंब्याचे लाकूड आणि बांबू मात्र त्याला प्रिय. म्हणजे मी मावशींना पलंग देत नव्हतो, माझे संकट देत होतो. तेही न सांगता.

आयदक्की लक्कम्मेची कथा आपण जाणतो. पती मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणी. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा अधिक आणले, तेव्हा तिने ते परत करायला लावले. घरात काय यावे याची तिने चिकित्सा केली. घरातून काय बाहेर जावे याची चिकित्सा तितकीच आवश्यक नाही काय? जी वस्तू आपल्याला नकोशी झाली ती देणे म्हणजे दासोह नव्हे. आणि जी दया आपल्या दारातील हिंसा गरिबाच्या दारात नेऊन ठेवते, ती दया नव्हे, पळवाट होय.

शेवटी पोखरलेल्या फळ्या जाळल्या. उरलेल्या लाकडावरील पॉलिश खरवडून बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे पाणी दोनदा पाजले, कारण पॉलिशवरून ते आत मुरत नाही. जीव मेले, हे मी नाकारत नाही. त्या हत्येचा भार माझाच आहे. लाकूड घेताना पॉलिश पाहिले, लाकूड पाहिले नाही, तेथेच ती सुरू झाली होती.

मावशींसाठी साधा लोखंडी पलंग घेतला. देण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारला: यावर मी झोपेन का?

शरणु शरणार्थी.