शेजाऱ्याला सांगावे कसे?

शेजाऱ्याला चार शब्द सांगणे ही फार अवघड कला आहे. गवयाचा सूर बिघडला तर श्रोते उठून जातात. इथे सूर बिघडला तरी शेजारी कुठे जाणार? तोही तिथेच, आपणही तिथेच. आमच्या समोरचे गृहस्थ रोज सकाळी नळी धरून मोटार धुतात आणि संध्याकाळी अंगणातला पाचोळा पेटवतात. माणूस लाखात एक. रात्री-बेरात्री हाकेला धावणारा. सांगावे तर 'मोठे शहाणे आलात!' असे व्हायचे, न सांगावे तर आपल्याच मनाला रुखरुख.

'ज्याचे त्याचे घर, आपल्याला काय करायचे?' हा सोपा उपाय आहे. पण आमच्या अहमदनगर – आता अहिल्यानगर – जिल्ह्यात तो चालत नाही. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात धो धो पाऊस पडतो आणि पूर्वेकडचा बराचसा मुलूख पर्जन्यछायेत कोरडा राहतो. अशा ठिकाणी विहीर माझी म्हणता येते, तिच्यातले पाणी माझे म्हणता येत नाही. रानात बांध घालता येतो, जमिनीखाली कोण बांध घालणार? शेजाऱ्याने जास्त उपसले की माझा पोहरा खरवडतो. म्हणजे सांगणे भागच आहे. प्रश्न कसे सांगावे, एवढाच उरतो.

या प्रश्नाला आमच्याच जिल्ह्याने दोन तऱ्हांची उत्तरे देऊन पाहिली आहेत. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला परतले. प्रथम त्यांनी आपल्या पदरच्या पैशाने यादवबाबांचे मंदिर दुरुस्त केले. स्वतःचे आधी दिले, म्हणून लोकांनी ऐकले आणि श्रमदानाने पाणी अडवले. पण त्याच गावात दारू सुटावी म्हणून पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारलेही गेले. आईच्या कडू औषधाचा दाखला त्यासाठी दिला जातो. मला तो पटत नाही. शेजारी म्हणजे काही आपले लेकरू नव्हे. तो आपल्या बरोबरीचा माणूस आहे.

दुसरे उत्तर नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचे. १९८९ साली पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, उघडे डोंगर आणि कामासाठी गाव सोडणारी माणसे, अशी तेव्हा स्थिती होती. गावाने ग्रामसभेत कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली. आता चराईबंदीचा चटका सर्वांना सारखा बसत नाही. बागाईतदाराला ती नुसती सूचना असते. चार शेळ्यांवर संसार चालवणाऱ्याला ती भाकरीवरची टाच असते. म्हणून राखलेल्या रानातले गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. जनावर डोंगरावर जायचे नाही, गवत गोठ्यात यायचे. नुसते 'नको' सांगितले नाही. 'मग काय करायचे' तेही सांगितले.

त्याहूनही मला आवडते ती त्यांची पाण्याची जमाखर्चवही. पाऊस मोजायचा, हिशेब ग्रामसभेपुढे मांडायचा आणि मग कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. हिशेब शाळकरी मुलालाही येण्यासारखा आहे: एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. असा आकडा पुढे आला की 'तू उधळ्या आहेस' असे कोणी कोणाला म्हणावे लागत नाही. ऊस आणि केळी नकोत, शेतीसाठी बोअर नको, हे नियम सरपंचालाही लागू आणि शेवटच्या घरालाही. बोट कोणा एका माणसाकडे जात नाही, म्हणून कोणाचा चेहरा उतरत नाही.

यावर कोणी विचारील, 'तुम्ही गोड बोलत बसाल आणि तोवर विहीर आटेल, त्याचे काय?' आक्षेप खरा आहे. भिडेपोटी गप्प बसणे म्हणजे काही सौजन्य नव्हे. पण नरमाई माणसाशी ठेवावी, आकड्याशी नव्हे. पाणी इतके आहे आणि इतके लागते, हे स्पष्टच सांगावे. फक्त सांगताना 'तुम्ही' ऐवजी 'आपण' म्हणावे, आणि त्या 'आपण'मध्ये स्वतःची बादली आधी मोजावी. एवढे करूनही कोणी ऐकले नाही, तर निकाल सर्वांनी बसून करावा. एकट्याने न्यायाधीश होऊ नये.

दिवाळीत आपल्याकडे फराळाचे ताट शेजारी जाते आणि ते रिकामे परत येत नाही. सल्ल्याचेही असेच असावे. शेजाऱ्याला पाचोळा जाळू नका म्हणताना खताच्या खड्ड्यासाठी आपले फावडे घेऊन जावे. आणि त्यानेही ताटात आपल्यासाठी काही घालून पाठवले, 'तुमचा तो गच्चीवरचा नळ रात्रभर गळतो हो!' असे म्हटले, तर तेही चकलीसारखे आवडीने खावे.